मुक्त विद्यापीठाचा सहा महिन्यांचा कोर्स – नोंदणीत अडकले आहे (नागपूर)

बागेतली_सून | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी मनीषनगरात राहते, घरीच सातवी-आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. सासरची कळमेश्वर तालुक्यात चार एकर संत्र्याची बाग आहे. गेल्या वर्षापर्यंत सासरे बघायचे. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ह्यांची नोकरी बुटीबोरीला, तीही शिफ्टची. त्यामुळे शनिवार-रविवार बागेत मीच असते. म्हणजे गड्याला पैसे देते, व्यापारी आला तर चहा ठेवते, आणि सौदा सासरे फोनवरून करतात. मला यातलं काही कळत नाही हे घरात सगळ्यांनी धरून चाललंय, माझ्यासकट.

म्हणून इग्नूचं (दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) सेंद्रिय शेतीचं सर्टिफिकेट करायचं मनात घेतलं. बारावी पास असलं की पुरतं. पण फॉर्मशीच गाडी अडली. माझ्या बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, तेही बोर्डाच्या पद्धतीने आडनाव आधी. आधारवर सासरचं, नाव आधी. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या बायका वाटतात.

आणि दुसरं म्हणजे मी शहाणपणा करून आमच्या भागातल्या एका नेट कॅफेत गेले. त्याने तीनशे रुपये घेतले, फॉर्म अर्धा भरला, "ताई, बाकी उद्या" म्हणाला. उद्या गेले तर दुकानाला कुलूप. परवाही कुलूप. घरी येऊन स्वतः लॉगिन करायला गेले तेव्हा कळलं की ईमेल आणि मोबाईल दोन्ही त्याचेच टाकलेत. ओटीपी त्याच्या खिशात. आता काय करू?

तर्रीपोहा | रात्री १०:५८

काऊन ताई, तीनशे रुपये देऊन त्याले शिकाले पाठवलं का? आता पदवीदान समारंभाले तोच जाईन बाप्पा टोपी घालून.

झिरो_माईल | रात्री ११:२०

तर्री, जरा दमाने.

ताई, फी भरली होती का? हा एकच प्रश्न महत्त्वाचा. भरली नसेल तर तो अर्धवट फॉर्म विसरून जा. स्वतःच्या ईमेलने नवीन नोंदणी करा. एका ईमेलवर एक खातं, इतकंच ते गणित आहे, आणि जुना अर्ज फी न भरल्यामुळे तसाच पडून राहतो. फी भरली असेल तर मात्र पावती घेऊन अमरावती रोडवर हिंदुस्थान कॉलनीत इग्नूचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे जा. फोनवर हे काम होत नाही, समोर उभं राहून होतं.

बागेतली_सून | रात्री ११:३१

नाही भरली. फी उद्या, असंच ठरलं होतं. देवाची कृपा म्हणायची.

झिरो_माईल | मंगळवार, सकाळी ८:०५

मग काही बिघडलं नाही. मी मागच्या वर्षी बायकोचा फॉर्म घरीच भरला, चहा प्यायला दोनदा उठलो तरी तासाभरात झाला. क्रम सांगतो.

आधी फॉर्म उघडूच नका. आधी त्या सत्राची प्रवेशपुस्तिका उतरवून घ्या आणि आपला कोर्स त्यात आहे का ते बघा. सगळे कोर्स दर सत्राला उघडे असतातच असं नाही. पात्रता, माध्यम, फी, प्रात्यक्षिक आहे की नाही, सगळं तिथे असतं. लोक हे पान वाचत नाहीत आणि मग विचारतात की मराठीतून पेपर देता येईल का.

मग डिजिलॉकर (सरकारचं कागदपत्रांचं ॲप) उघडून एबीसी आयडी काढा, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याचा नंबर, बारा आकडी असतो. तो आधारवरून निघतो, म्हणजे आधारला जोडलेला मोबाईल हातात हवा. हा नंबर कोणाचा आहे ते आजच तपासा. पदवी किंवा पदव्युत्तरला यावर डीईबी आयडीही (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर) लागतो, २०२४ पासून. तुमच्या फॉर्मने मागितला तर तोही काढा, नाही मागितला तर उगाच डोकं खाऊ नका.

फोटो आणि सही शंभर केबीच्या आत, कागदपत्रं दोनशे केबीच्या आत. सही पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने, खिडकीशी बसून फोटो काढा. वहीच्या रेघांवर केलेली सही दिसते कशी माहितीये, किराणा यादीखाली केल्यासारखी.

पुढे प्रादेशिक केंद्र नागपूर निवडलं की अध्ययन केंद्रांची यादी उघडते. घराजवळचं निवडायचा मोह होतो, पण तुमचा कोर्स तिथे चालतो का हे आधी बघायचं. यादी कोर्सप्रमाणे बदलते. पुस्तकं छापील हवीत की डिजिटल, हेही तिथेच विचारतात. डिजिटल घेतलं तर फीमध्ये १५ टक्के सवलत. मी म्हणेन छापील घ्या. तीच पुस्तकं ई-ज्ञानकोशावर, म्हणजे इग्नूच्या ऑनलाईन संग्रहात, फुकट वाचायला आहेतच, पण बागेत मोबाईलवर पान वाढवून-वाढवून कोण वाचणार?

शेवटी फी. पैसे गेल्यावर पान फिरत राहिलं तर परत बटण दाबू नका. मी दाबलं होतं. चूक माझीच, घाई झाली. दोनदा कापले, एक रक्कम परत आली पण तोवर बायकोने मला रोज विचारलं.

बागेतली_सून | दुपारी १:१५

आधारचा नंबर तपासला. ह्यांचा जुना नंबर निघाला, चार वर्षांपूर्वी बंद केलेला. म्हणजे ओटीपी आता देवालाच ठाऊक कोणाला जातोय.

झिरो_माईल | दुपारी १:३०

आधार केंद्रावर जाऊन मोबाईल बदलून घ्या. कागद काही लागत नाही, बोटाचे ठसे पुरतात, पण स्वतःला जावं लागतं. आणि यावेळी स्वतःचा नंबर द्या. ह्यांचा नको, मुलाचा नको.

निवृत्त_ग्रंथपाल | संध्याकाळी ५:४५

नावाच्या प्रश्नाबद्दल थोडं लिहितो. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि वीसेक वर्षं रविवारी एका अध्ययन केंद्रावर समंत्रक (विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारा) म्हणून जात असे. या एका गोष्टीपायी रडलेल्या किती विद्यार्थिनी पाहिल्या याची मोजदाद नाही. पुरुष विद्यार्थी एकही नाही, कारण उघड आहे.

महाराष्ट्र बोर्ड आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम लावतं आणि आईचं नाव वेगळं छापतं. बाहेरच्या राज्यातलं किंवा दिल्लीचं संगणकीय काम हे तीन शब्द पहिलं, मधलं, शेवटचं नाव म्हणून वाचतं. त्यामुळे मुलीचं आडनाव हे तिचं पाळण्यातलं नाव ठरतं. क्रम उलटा असणं ही मोठी अडचण नाही, अक्षरं तीच असली की कोणी अडवत नाही. अडवतात ते लग्नानंतर बदललेल्या नावाला.

त्यावर दोन कागद चालतात. एक म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. तुमचं लग्न नागपुरात झालं असेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात, गावी झालं असेल तर ग्रामपंचायतीत. जुनं लग्नही नोंदवता येतं, पण साक्षीदार जमवावे लागतात आणि लग्नपत्रिका शोधावी लागते. (ती नेमकी कुणाच्या तरी पापडाच्या डब्याखाली अंथरलेली सापडते.) दुसरं म्हणजे शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची जाहिरात. तो अर्ज आता ऑनलाईन होतो. विवाह प्रमाणपत्र असेल तर राजपत्राच्या मागे लागायची सहसा गरज पडत नाही, तरी केंद्रावर विचारून घ्या.

फॉर्मवर कोणतं नाव टाकायचं? एबीसी आयडी आधारवर निघतो, तेव्हा आधारवरचं टाका आणि मार्कशीटसोबत विवाह प्रमाणपत्र जोडा. आणि मग सहा महिने तेच नाव, तेच स्पेलिंग, सगळीकडे. असाइनमेंटच्या पहिल्या पानावरसुद्धा. माझ्या एका विद्यार्थिनीने परीक्षेच्या अर्जात लाडाने माहेरचं आडनाव मध्ये घातलं होतं. निकाल लागला, पण सर्टिफिकेटसाठी तिने किती खेपा घातल्या ते मला विचारा.

जाता जाता एक म्हाताऱ्याची आठवण. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघालं, १९८५ ला इग्नू, १९८९ ला आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. "ज्ञानगंगा घरोघरी" हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद. गंगा घरोघरी आली खरी, पण नळाला मीटर बसवायला आधार लागतं हे तेव्हा कोणाला माहीत होतं!

वर्धेवरून | रात्री ९:१०

सगळं ठीक आहे, पण मुळात कोर्स कशाला? यूट्यूबवर जीवामृत, दशपर्णी अर्क, घरगुती खतं-फवारण्या, सगळं पडलंय. संत्र्याचंच शिकायचं तर त्याच अमरावती रोडवर केंद्राची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, शास्त्रज्ञ भेटतात. सहा महिने पेपर लिहून झाडाला काय फरक पडणार?

बागेतली_सून | रात्री ९:५२

भाऊ, तुमचं चूक नाही. यूट्यूब मी बघते. पण एक जण सांगतो ताक फवारा, दुसरा सांगतो ताकाने बुरशी वाढते, आणि दोघांच्या खाली हजार माणसं "धन्यवाद सर" लिहून मोकळी. खरं कोणाचं हे ठरवायचं तर मला मुळापासून काहीतरी क्रमाने वाचायला हवंय. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) झाला की मुळात झाडाला काय होतं हे मला अजून माहीत नाही, नुसतं खोडाला मलम लावतात एवढंच माहीत.

आणि खरं सांगू का, परीक्षेची तारीख असली की मी अभ्यास करते. नसली की भांडी घासते.

अर्धवट_राहिलेली | रात्री १०:०७

शेवटचं वाक्य वाचून हसू आलं आणि मग नाही आलं.

माझं पोषण-आहाराचं सर्टिफिकेट राहून गेलं, म्हणून लिहितेय. नोंदणी झाली, पुस्तकं आली, मी त्यांना खाकी कव्हर घातलं, लेबलं लावली. तो दिवस मला वाटलं अर्धा कोर्स झाला. इग्नूचं एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. बरीच सर्टिफिकेटं सोळा क्रेडिटची असतात, म्हणजे ४८० तास. सहा महिन्यांत बसवायचे तर रोज अडीच तासांहून जास्त. मी शाळेचा डबा, सासूबाईंची औषधं आणि नोकरी यातून आठवड्याला अडीच तास काढत होते.

हे कोणीतरी नोंदणीच्या आधी सांगायला हवं होतं. घाबरवायला नाही. मी तेव्हा जानेवारीऐवजी जुलै घेतलं असतं, मुलगी दहावीतून सुटली असती.

काटोलची_बाग | बुधवार, सकाळी ६:२०

वरच्या ताईंनी मुद्द्याचं लिहिलं. संत्रेवाल्याने सत्र बहार, म्हणजे झाडाच्या फुलोऱ्याचा हंगाम, बघून घ्यावं. कोणी हे सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची बाग आंबिया बहाराची की मृगाची? आंबिया असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर तोडीला येतो. मृग जून-जुलैत फुलतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोड. आता विद्यापीठाचं बघा. जुलैला नोंदणी केली तर पहिली परीक्षा डिसेंबरात. म्हणजे ऐन आंबियाच्या तोडीत तुम्ही परीक्षा केंद्रावर आणि व्यापारी बागेत मोकळा. जानेवारीला नोंदणी केली तर परीक्षा जूनमध्ये. नागपूरचा जून म्हणजे पाऊस येईतो भट्टी, पण आंबियावाल्याला तेव्हा पेपर द्यायला सवड असते. मृगवाल्याने मात्र जून टाळावा, ताण सोडायचे (फुलोऱ्यासाठी तोडलेलं पाणी परत द्यायचे) दिवस असतात.

दुसरं. तुमच्या घरात कोणी म्हणेल की ताईचा कोर्स झाला, आता पेटीवर "सेंद्रिय" लिहू. माझ्या भावाने हेच म्हटलं होतं. आपल्याकडे दोन्हीला प्रमाणपत्र म्हणतात म्हणून घोळ होतो. कोर्सचं प्रमाणपत्र तुमचं, म्हणजे तुम्ही विषय शिकलात. बागेचं प्रमाणीकरण वेगळं. त्यासाठी एनपीओपीखालची (केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) संस्था तपासणी करते, नाहीतर गावातल्या शेतकऱ्यांचा गट करून पीजीएसमध्ये जायचं, म्हणजे गटातले शेतकरीच एकमेकांची बाग तपासतात. आणि संत्रा बहुवर्षायू, त्यामुळे एनपीओपीत रूपांतराचा काळ तीन वर्षांचा धरतात, हंगामी पिकाला दोन. तीन वर्षं रासायनिक बंद, नोंदवही रोजची, शेजारच्या बागेची फवारणी उडून येणार नाही असा पट्टा. हे सगळं या कोर्समध्ये शिकवतात, तपासणी आणि प्रमाणीकरणाचा वेगळा पेपरच असतो. मला तोच सगळ्यात कामाचा वाटला. बाजार आणि अर्थशास्त्राचा पेपर त्याखालोखाल.

बागेतली_सून | सकाळी ७:०२

आंबिया! आणि आता जुलै चालू आहे. म्हणजे जानेवारीपर्यंत थांबू? थांबले तर राहील हो.

काटोलची_बाग | सकाळी ७:१०

थांबू नका. कोर्सची किमान मुदत सहा महिने आहे, कमाल दोन वर्षं. आता नोंदणी करा, असाइनमेंट त्यांच्या तारखेत देऊन टाका, डिसेंबरला परीक्षेचा अर्जच भरू नका, जूनला भरा. कोर्सची नोंदणी झाली म्हणजे परीक्षेची झाली असं नसतं. परीक्षेचा अर्ज दर वेळी वेगळा, फी वेगळी. हे माहीत नसलेले लोक दर डिसेंबरात हॉल तिकीट शोधत बसतात.

तर्रीपोहा | सकाळी ९:४०

अन् असाइनमेंट विकत भेटते म्हणे तयार, हातानं लिहिलेली. आमच्या इकडं एक पोट्टा लिहून देते, अक्षर एकदम मोत्यावानी.

निवृत्त_ग्रंथपाल | सकाळी १०:१५

तर्री, तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षराच्या एकाच तारखेला नऊ वह्या माझ्या टेबलावर आल्या आहेत. नऊही वह्यांत "गांडूळ" या शब्दात तीच एक चूक. असाइनमेंटला तीस टक्के वजन असतं, लेखी परीक्षेला सत्तर. त्या तिसांत फसवून पुढच्या सत्तरांत काय करणार? शिवाय दर सत्राचे प्रश्न वेगळे असतात, जुन्या सत्राची उत्तरं दिली तर ती धरतच नाहीत. लिहून झाल्यावर एक झेरॉक्स आपल्याजवळ ठेवावी आणि जमा केल्याची पोच घ्यावी. पोच नसलेली वही म्हणजे न दिलेली वही.

तर्रीपोहा | सकाळी १०:१९

चूक झाली सर. पोहे माझ्याकडून.

नवा_भिडू | दुपारी ३:३३

धागा पळवत नाही, एकच विचारतो. मी नागपूर विद्यापीठात एम.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. सोबत असं छोटं सर्टिफिकेट करता येईल का? मित्र म्हणतो पकडले तर दोन्ही रद्द.

झिरो_माईल | दुपारी ४:००

मित्र जुन्या काळातला आहे. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) एका वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे. एक कॉलेजात, एक दूरशिक्षणाने, चालतं. परीक्षेच्या तारखा आपटल्या तर मात्र तुमचं तुम्ही बघायचं.

वर्धेवरून | संध्याकाळी ६:४८

ताई, काल मी जरा तोडून बोललो. एक सुचवतो. तुमच्या गड्याला किंवा दिराला शिकायचं असेल आणि हिंदी-इंग्रजी नको असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची फळबाग उत्पादनाची पदविका मराठीतून आहे. एक वर्षाची आहे, पण भाषा आपली. माझ्या मेहुण्याने केली. तो आता मला शिकवतो, हा एक तोटा.

अर्धवट_राहिलेली | संध्याकाळी ७:२०

😄 ताई, भरला का फॉर्म?

बागेतली_सून | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:५५

मंडळी, उशीर झाला कळवायला. आधारचा मोबाईल बदलला, चार दिवसांत झालं. विवाह प्रमाणपत्र निघालं, कारण लग्न ग्रामपंचायतीत नोंदवलेलं होतं हे सासऱ्यांना आठवलं, आम्हा दोघांनाही नव्हतं. एबीसी आयडी काढला. सही अकरा वेळा केली, अकरावी चांगली आली. फोटो शंभर केबीत बसवायला मुलाने एक मिनिट घेतलं आणि अर्धा तास मिरवला.

फी एकदाच भरली, एकदाच बटण दाबलं, आणि पान फिरत होतं तोवर हात मागे बांधून बसले. एनरोलमेंट नंबर आला. पुस्तकं छापील घेतली.

आज बागेत गेले तर गडी म्हणाला, दोन झाडांच्या बुंध्याला डिंक आलाय. मी खाली वाकून बघत होते तर सासऱ्यांचा फोन. "काय दिसते?" म्हणाले. आधी ते गड्यालाच विचारायचे. मी म्हटलं, पुस्तक अजून यायचंय, पण पाणी बुंध्याशी साचतंय एवढं दिसतंय. मग दोघांनी मिळून आळ्याला दांड (पाणी वाहून जायला चर) काढायचं ठरवलं.

परीक्षा जूनलाच. काटोलची_बाग, तुम्ही परीक्षा कुठल्या केंद्रावर दिली होती? आणि प्रात्यक्षिकाला सलग दिवस जावं लागतं की सुटे चालतात? शिकवण्यांची सुट्टी त्याप्रमाणे लावते.

काटोलची_बाग | रात्री ९:३०

पाणी साचतंय हे बरोबर बघितलं. दांड आधी, मलम नंतर. प्रात्यक्षिकाचं वेळापत्रक अध्ययन केंद्र लावतं, माझ्या वेळी रविवार होते. उद्या समन्वयकांना भेटून या, नाव-नंबर नोंदवून घेतील.

तर्रीपोहा | रात्री ९:४१

ताई, तोड कधी हाय? पूर्ण धागा येऊ आमी, पोह्यासकट.

बागेतली_सून | रात्री ९:४४

नोव्हेंबरात. शिडी आणि कात्री घेऊन या, पोहे मी करते.